नावाची अट

विल्यम्सटाउनला आगगाडी जात नाही. बॉस्टनहून गाडीनं तीन तास, आल्बनीच्या विमानतळावरून तासाभराचा डोंगरी रस्ता, आणि आम्ही निघालो होतो त्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून, वाटेत ताईनं दोनदा चहाला थांबवल्यामुळे, चांगले पाच तास. दाजी गाडी चालवत होते. मागच्या सीटवर मी आणि माझी भाची रेवा. ती बारावीत आहे, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘सीनियर’, आणि अमेरिकेतल्या सीनियर मुलांच्या आईबापांना ऑक्टोबर महिन्यात सुट्टी म्हणजे काय हे आठवत नाही. दर शनिवारी एक कॉलेज. हे सहावं होतं. मी नगरहून पाहुणा म्हणून आलेला, त्यामुळे मला वगळून चालणार नव्हतं.

मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात, जिथं न्यूयॉर्क आणि व्हर्माँट या दोन्ही राज्यांच्या सीमा हाकेच्या अंतरावर येतात, तिथं हे गाव आहे. बर्कशायरचे डोंगर चहूबाजूंनी. मेपलची झाडं लाल, नारिंगी, पिवळी झालेली. आपल्याकडे शिमग्यात पळस पेटतो तसा सगळा डोंगर पेटलेला, फक्त हवा पौषातली. गाव एका रस्त्याचं. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवळ, आणि हिरवळीवर विखुरलेलं विल्यम्स कॉलेज. कुंपण नाही, फाटक नाही, वॉचमन नाही. दाजींनी गाडी लावली आणि विचारलं, “कॉलेज कुठंय?” आम्ही कॉलेजातच उभे होतो.

विद्यार्थी दोन हजारांच्या थोडे वर. नगरच्या एखाद्या बऱ्या ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त असतील. इथं इंजिनिअरिंग नाही, मेडिकल नाही, कायदा नाही, एमबीए नाही. चार वर्षांची एकच पदवी, बी.ए. आपल्याकडे ‘आर्ट्‌स’ म्हटलं की ज्याला सायन्सला मिळालं नाही त्याची सोय असा अर्थ निघतो, त्यामुळे लिबरल आर्ट्‌स हा शब्द मराठी घरात उच्चारला की आधी पाच मिनिटं खुलासा करावा लागतो. इथं पदार्थविज्ञान, गणित, भूशास्त्र, खगोलशास्त्र सगळं आहे, आणि त्यांचीही पदवी बी.ए.च. पहिली दोन वर्षं विद्यार्थ्यानं भाषा-कला, समाजशास्त्रं आणि विज्ञान-गणित अशा तिन्ही अंगणांत फिरायचं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय ठरवायचा. ताईला हे सगळं पाठ होतं. दाजींना नव्हतं, किंवा असूनही पटलेलं नव्हतं.

आम्हाला हिंडवून आणणारी मुलगी तिसऱ्या वर्षाची होती. तिचा आवाज बसलेला, बुटांना चिखल. कारण आदल्या दिवशी ‘माउंटन डे’ झाला होता. ऑक्टोबरातल्या पहिल्या तीन शुक्रवारांपैकी एका शुक्रवारी सकाळी अचानक घंटा वाजू लागतात. सगळे तास रद्द, आणि सगळ्यांनी डोंगरावर जायचं. बाजूला ग्रेलॉक नावाचा डोंगर आहे, १,०६४ मीटर, मॅसॅच्युसेट्समधला सर्वांत उंच. कळसूबाई पाहिलेल्या माणसाला उंचीचं काही वाटायचं नाही, पण घंटा वाजवून अख्खं कॉलेज डोंगरावर धाडायची कल्पना मला फार आवडली. आमची वाटाड्या उलटी चालत बोलत होती, म्हणजे तोंड आमच्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. या देशातल्या सगळ्या कॉलेजांत ही कला वाटाड्यांना येते. अडखळत मात्र कोणी नाही.

ती पहिल्यांदा थांबली वेस्ट कॉलेज या चार मजली विटांच्या इमारतीपाशी. १७९० मध्ये बांधायला घेतलेली ही इथली सर्वांत जुनी वास्तू. आज तिथं विद्यार्थी राहतात. गोष्ट इथं सुरू होते, खरं तर त्याच्याही पस्तीस वर्षं आधी.

एफ्रायम विल्यम्स हा ब्रिटिश वसाहतीच्या फौजेतला कर्नल. या बाजूच्या लष्करी गढ्यांचा तो अधिकारी होता. इंग्रज आणि फ्रेंच अमेरिकेत एकमेकांशी लढत होते तो काळ. आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा. १७५५ च्या जुलैत मोहिमेवर जाताना आल्बनीत थांबून त्यानं मृत्युपत्र केलं. लग्न नाही, मूल नाही. जमिनीचा काही भाग विकून येणाऱ्या पैशांतून वेस्ट हूसाक नावाच्या वस्तीत एक ‘मोफत शाळा’ चालवावी, असं त्यात लिहिलं. पण दोन अटी घातल्या. एक, ही वस्ती मॅसॅच्युसेट्सच्याच हद्दीत राहिली पाहिजे. दोन, तिचं नाव विल्यम्सटाउन ठेवलं पाहिजे. ८ सप्टेंबरला लेक जॉर्जजवळ सकाळच्या टेहळणीत त्याची तुकडी वेढली गेली आणि तो मारला गेला.

गावानं नाव बदललं, ते सोपं होतं. हद्दीचं भांडण न्यूयॉर्कशी होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध होऊन गेलं. पैसे व्याजावर पडून राहिले, ही त्यातली बरी गोष्ट. विश्वस्त मंडळ १७८५ मध्ये स्थापन झालं, तरीही इमारतीला पैसे कमी पडले, म्हणून सरकारकडून लॉटरी काढायची परवानगी मिळवली. १७९१ मध्ये शाळा उघडली, आणि दोनच वर्षांत, १७९३ मध्ये, विश्वस्तांनी तिचं कॉलेज करून टाकलं. ‘मोफत’ हा शब्द त्या धांदलीत कुठं तरी गळाला. मरणाऱ्यानं फुकट शाळा मागितली होती. मिळालं ते फी घेणारं कॉलेज. दाजी म्हणाले, “ट्रस्टी सगळीकडचे सारखेच.” दाजी एका पतसंस्थेचे सभासद होते, त्यामुळे या विषयावर त्यांच्या मताला वजन आहे.

वाटाड्या मुलीनं एक गोष्ट मात्र न विचारता सांगितली, त्याचं मला अप्रूप वाटलं. हा एफ्रायम गुलाम बाळगणारा होता. आणि ही जमीन मोहिकन लोकांची; त्यांचे वंशज, स्टॉकब्रिज-मन्सी समाज, ढकलत ढकलत शेवटी विस्कॉन्सिनला पोचले. आता त्यांच्या वारसा जतनाचं एक कार्यालय याच गावात आहे. आपल्याकडे संस्थापकाच्या तसबिरीसमोर उभं राहून असं काही बोललं असतं तर पुढच्या वर्षी ती मुलगी वाटाड्या राहिली नसती.

प्रवेशाचा पहिला नियम कॉलेजच्या सुरुवातीच्याच काळात लिहिला गेला, आणि तो वाचण्यासारखा आहे. मुलाला व्हर्जिलचं महाकाव्य, सिसेरोची भाषणं आणि ग्रीकमधली शुभवर्तमानं वाचून, पदच्छेद करून, अर्थ सांगता आला पाहिजे. परीक्षा अध्यक्षांसमोर, समोरासमोर. पण ज्याला ग्रीक नको त्यानं त्याऐवजी फ्रेंच दिलं तरी चालेल. ग्रीकशिवाय शिक्षण कसलं, असं मानणाऱ्या काळात ही मोठीच मोकळीक. ऐच्छिक विषयाचं बीज तिथं पडलं म्हणायला हरकत नाही.

मोकळीक अर्थात गोऱ्या मुलग्यांपुरती. ल्यूसी टेरी प्रिन्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री होती. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेली, पुढे मुक्त झालेली. आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तीनं रचलेलं, आज ठाऊक असलेलं सर्वांत जुनं काव्य तिचं. तिनं आपल्या मुलाला प्रवेश मिळावा म्हणून विल्यम्सच्या विश्वस्तांपुढं तीन तास वाद घातला, कायदा आणि बायबल दोन्हींचे दाखले देत, आणि तरी दार उघडलं नाही, अशी गोष्ट सांगतात. कॉलेजच्या दफ्तरात याचा कसलाही पुरावा नाही. इतिहासकार ती दंतकथा मानतात. पण काही दंतकथा खोट्या असूनही उगाच जन्मत नाहीत. या कॉलेजातून पहिला कृष्णवर्णीय पदवीधर, गायस बोलिन, बाहेर पडला तो १८८९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. १९६९ च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हॉपकिन्स हॉल या कचेरीच्या इमारतीचा ताबा घेतला आणि काही दिवस सोडला नाही. बायकांना पदवीसाठी दार उघडलं १९७० मध्ये. ताईनं हिशेब केला आणि म्हणाली, “म्हणजे मी जन्मले तेव्हा हे नुकतेच शहाणे झाले होते.”

मधल्या काळात कॉलेज एकदा मरता मरता वाचलं. १८२१ मध्ये अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांचं मत झालं की या कोपऱ्यात कॉलेज टिकणार नाही. ते पंधराएक विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर उतरले आणि ॲम्हर्स्ट कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना ग्रंथालयातली पुस्तकंही उचलून नेली असं विल्यम्सवाले आजही सांगतात, पुरावा नसताना. दोघांचं हाडवैर तेव्हापासूनचं. १८५९ मध्ये पिट्सफील्ड इथं अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना झाला तो याच दोघांत, आणि ॲम्हर्स्ट ७३–३२ असं जिंकलं. हा आकडा विल्यम्समध्ये कोणी आपणहून सांगत नाही. मी विचारल्यावर वाटाड्या हसली आणि उलटी चालायची थांबली.

दुपारी प्रवेश कार्यालयात माहितीसत्र होतं. पन्नासेक आईबाप, तितकीच मुलं. आईबाप लिहून घेत होते, मुलं छताकडे बघत होती.

माझ्या डोक्यातला प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी. काचेच्या फलकावर लावलेला कागद, बोट खाली खाली सरकत जातं, आणि जिथं ‘कट-ऑफ’ची रेघ असते तिथं श्वास अडकतो. ९१.४ ला मिळालं, ९१.२ ला नाही. क्रूर, पण निदान समजतं. इथली पद्धत ऐकताना मला आधी कळेचना की रेघ नेमकी कुठं आहे. कुठंच नाही. साधारण साडेपाचशे जागांसाठी हजारो मुलं अर्ज करतात. दहातल्या नवांना नकार मिळतो. पण कोणत्याही आकड्यावर बोट ठेवून ‘म्हणून नाही’ असं सांगता येत नाही. शाळेची चार वर्षांची गुणपत्रिका, आणि त्यातही त्या शाळेत मिळू शकणाऱ्या विषयांपैकी मुलानं अवघड घेतले की सोपे, हे बघतात. दोन शिक्षकांची पत्रं, शाळेच्या समुपदेशकाचं पत्र, साडेसहाशे शब्दांचा निबंध, वर्गाबाहेर काय केलं त्याची यादी. एसएटीसारख्या परीक्षेचे गुण कोविडच्या काळापासून ऐच्छिक. एक अर्ज एकाहून अधिक जण वाचतात आणि मग समितीत त्याच्यावर चर्चा होते.

आणि एक खास विल्यम्सची गोष्ट: हवं असेल तर शाळेत आधीच लिहिलेला एखादा पेपर, तीन ते पाच पानांचा, जोडता येतो. प्रयोगाचा वृत्तांत चालेल, इतिहासावरचा निबंध चालेल. याचं मूळ इथल्या ‘ट्युटोरियल’ पद्धतीत आहे, असं मला वाटतं. ऑक्सफर्डवरून उचललेली ही पद्धत विल्यम्सनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली: एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. एका आठवड्यात एकानं पाच-सात पानं लिहून वाचायची आणि दुसऱ्यानं ती फाडायची. पुढच्या आठवड्यात पाळी बदलायची. मागच्या बाकावर बसायची सोयच नाही, कारण बाकच दोन. आमच्या कॉलेजात वर्गात एकशे वीस मुलं होती आणि मी तीन वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही, हे मला इथं आठवलं. जेम्स गारफील्ड, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते १८५६ चे इथले पदवीधर. ओंडक्याच्या एका टोकाला मार्क हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की झालं कॉलेज, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं इथं अजून मिरवतात. हॉपकिन्स १८३६ ते १८७२ अशी छत्तीस वर्षं अध्यक्ष होते. तो ओंडका आता गावातल्या एका खानावळीच्या नावात उरला आहे.

आता पैशांचं. वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो. तो आकडा पडद्यावर आला तेव्हा दाजींनी रुपयांत गुणाकार केला, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. पण हा छापील भाव. साधारण निम्मी मुलं कमी भरतात, काही काहीच भरत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांचा अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत; निवड झाल्यावर कुटुंबाला किती झेपेल याचा हिशेब होतो आणि उरलेलं कॉलेज देतं. २०२२ पासून या मदतीत कर्जही नाही आणि कॉलेजात काम करून फेडायची अटही नाही, सगळं अनुदान. असं करणारं हे देशातलं पहिलं कॉलेज. गाठीला तीन अब्ज डॉलरहून मोठा निधी असला की हे जमतं. १७९३ मध्ये गळालेला ‘मोफत’ हा शब्द, निवडक लोकांपुरता का होईना, परत आला म्हणायचा. परदेशातून थेट अर्ज करणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. नगरहून किंवा लातूरहून कोणी अर्ज केला तर त्याला किती मदत लागेल हे निवडताना विचारात घेतात. निवड झालीच तर लागेल तेवढी मदत पूर्ण देतात. म्हणजे दार आहे, पण उंबरा उंच आहे.

या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास बसला नाही, हेही लिहायला हवं. खेळासाठी शिष्यवृत्ती इथं नाही, पण प्रशिक्षकानं एखाद्या मुलाचं नाव सुचवलं तर त्याला वजन असतं. नाव नोंदवून आधी बांधून घ्यायची एक रांग आहे, ‘अर्ली डिसिजन’. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज, डिसेंबरात उत्तर, आणि ‘हो’ आलं तर बाकीच्या सगळ्या कॉलेजांना नमस्कार. त्यावर मुलाची, पालकांची आणि शाळेची अशा तिन्ही सह्या लागतात. चार ठिकाणच्या मदतीचे आकडे शेजारी ठेवून घासाघीस करायची ज्याला गरज आहे, त्याला ही रांग परवडत नाही. शिवाय २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली, त्यानंतर अशा अनेक कॉलेजांनी निबंधाचे प्रश्न नव्यानं घासूनपुसून लिहिले. आपल्या यादीत निदान लबाडी करायची तर आकडा बदलावा लागतो. इथं माणूस आपल्यासारखा वाटला की पुरे, असं होत नसेल कशावरून? मी हे ताईला मराठीत म्हणालो. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून हसले. नाशिकचे निघाले.

सत्र संपल्यावर मी हट्टानं सगळ्यांना कॉलेजच्या उत्तरेकडे नेलं. मिशन पार्क म्हणून एक जागा आहे. त्याच नावाचं मोठं काँक्रीटचं वसतिगृहही आहे. झाडीत संगमरवराचा एक स्तंभ आणि त्यावर पृथ्वीचा गोल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये इथल्या पाच विद्यार्थ्यांना वादळात गवताच्या गंजीआड आसरा घ्यावा लागला, आणि तिथं प्रार्थना करताना परदेशी धर्मप्रसाराला जायचं त्यांच्या मनानं घेतलं. सॅम्युअल मिल्स त्यांचा म्होरक्या. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली. तिनं पाठवलेल्या पहिल्याच तुकडीत विल्यम्सचा १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल होता. कलकत्त्यात कंपनी सरकारनं त्याला हुसकावलं. तो १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. तिथूनही हाकलायचा हुकूम निघाला, पण तो चिकटून राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर राबला, आणि १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या फेरीवरून परतताना पटकीनं रस्त्यातच गेला. त्याचीच अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आली. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. सिंथिया फरार याच बोर्डानं पाठवलेली. तिची नगरमधली मुलींची शाळा बघून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि पुढे काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको.

मी नगरमधल्या क्लेरा ब्रूस या मिशनशाळेच्या भिंतीलगत सायकल चालवत शाळेत जायचो. मिशन कंपाउंडातल्या चिंचा पाडल्या आहेत. ते कंपाउंड कुठून आलं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका शेतात गंजीखाली असेल असं तर अजिबात वाटलं नव्हतं. धर्म बदलायला निघालेली माणसं होती ती, यात शंका नाही. आमच्या आजीला त्यांचं नाव काढलेलं आवडायचं नाही. पण तिनं पहिली अक्षरं गिरवली ती मिशनच्याच शाळेत.

हे सगळं मी रेवाला स्तंभाभोवती फिरून सांगितलं, बऱ्याच आवेशानं. मग म्हणालो, “बघ, निबंधाला आयता विषय. नगर, गॉर्डन हॉल, पणजीची शाळा. समिती खूश होईल.”

ती स्तंभावरचं शेवाळ नखानं काढत होती. “मामा, समिती तुला ॲडमिशन देईल. मला नाही.”

“का?”

“मी नगरला तीनदा आलेय. तिन्ही वेळा मला जुलाब झाले.”

“मग काय लिहिणार आहेस?”

“शाळेच्या मागच्या नाल्यातल्या बेडकांवर पेपर आहे माझा. चार पानांचा. त्यात माझं गणित चुकलंय, आणि कुठं चुकलं ते मीच शोधलंय. तो जोडणारे.”

दाजींनी लांबून हॉर्न दिला. पार्किंगची वेळ संपत आली होती. गाडीकडे जाताना रेवा हळूच म्हणाली, “त्या तीन सह्यांचं आईजवळ घरी पोचेपर्यंत काढू नकोस. ती गाडीतच पेन मागेल.”